तातुंग येईपर्यंत तोंड धुवायचं नाही

आठवा महिना, एकविसावा दिवस

यादी लागली. माझं नाव नाही. खालून वर वाचली, वरून खाली वाचली, शेजारच्या जिल्ह्याची यादीसुद्धा वाचून काढली. पेई शौरन सहाव्यांदा नापास. घरी आलो तर वहिनीनं लापशीचं वाडगं पुढ्यात आदळलं आणि पोराला म्हणाली, "काकांना वाचू दे हो, त्यांना अजून म्हातारं व्हायचंय." वहिनी अडाणी आहे, पण टोमणा कुठं लागतो ते तिला बरोबर कळतं.

वय छत्तीस. लग्न नाही, कारण आधी पास व्हायचं असं ठरलं होतं. आजपासून ही वही लिहायला घेतली. थोर माणसं दैनंदिनी ठेवतात. मी थोर होईन तेव्हा मागची पानं कोरी निघायला नकोत.

आठवा महिना, तेविसावा दिवस

हाओंच्या राखण-पेढीत माणूस पाहिजे अशी पाटी लागली होती. व्यापाऱ्यांचा माल रानावनांतून, खिंडींतून सुखरूप पोचवणारी पेढी ती. मला वाटलं कारकून हवा असेल. तर म्हणे हाळी देणारा हवा. तांड्याच्या पुढं चालायचं आणि डोंगर आला की "हो-ऊऽऽ" अशी लांब हाळी देऊन घराण्याचं नाव पुकारायचं. डोंगरातले लुटारू झेंडा कुणाचा ते ओळखतात, आणि ओळखीचा असला तर उलट हाळी देऊन वाट सोडतात. यांच्या जुन्या हाळीवाल्याचा घसा कायमचा बसला आहे.

आम्ही सातजण होतो. हाओ वस्ताद अंगणाच्या पार त्या टोकाला आमच्याकडं पाठ करून चहा पीत बसले होते. त्रेसष्टाव्या वर्षी पाठ फळीसारखी ताठ. परीक्षा घेत होती त्यांची मुलगी सुइलान. तिशी ओलांडलेली, विधवा, कमरेला आखूड तलवार आणि जिभेला त्या तलवारीहून जास्त धार. एकेकजण ओरडला. वस्ताद चहा पीत राहिले. एका खाटकानं अशी आरोळी ठोकली की कोंबड्या छपरावर गेल्या. वस्ताद चहा पीत राहिले. मग मी. सहा वेळा नापास झालेल्या माणसाच्या पोटात जे काही साठलेलं असतं ते सगळं मी त्या हाळीत ओतलं. वस्तादांनी पेला खाली ठेवला आणि मागं वळून बघितलं.

सुइलानचे डोळे भरून आले. "हाच," ती म्हणाली.

वस्तादांना आवाजाची पारख आहे. बाकीच्या सहांकडं त्यांनी मान वळवायची तसदीसुद्धा घेतली नाही.

आठवा महिना, सत्ताविसावा दिवस

उद्या निघायचं. बारा माणसं, सहा खेचरगाड्या, आमच्या लूआनच्या विणकरांचं रेशीम. जायचं तातुंगला, मध्ये यानमनची खिंड. सतराएक दिवस लागतील.

सगळ्यात जुना गाडीवान फू यानं मला नियम समजावून सांगितले. फू बोलताना नेहमी काहीतरी चघळत असतो; तोंडात काही नसलं तर माणसाला चघळतो.

"पंडित, राखणदाराला तीन गोष्टी आल्या पाहिजेत. चूल मांडता आली पाहिजे, जोडा शिवता आला पाहिजे, डोकं भादरता आलं पाहिजे. तुम्हांला यातलं काय येतं?"

"मला जुन्या ग्रंथांवर निबंध लिहिता येतो."

"बरं. चौथी गोष्ट न करण्याची आहे, ती तरी जमेल. तातुंग येईपर्यंत तोंड धुवायचं नाही."

कारण विचारलं. एक तर, उत्तरेच्या वाऱ्यात धुतलेली कातडी फुटते. दुसरं, या रस्त्यावर भिकाऱ्यापासून लुटारूपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की राखणदारानं तोंड धुतलं म्हणजे माल पोचला, राखण संपली, झेंडा गुंडाळला. पहिलं कारण पटलं. दुसरं निव्वळ अडाणीपणाचं वाटलं.

फूनं आणखी एक सांगितलं आणि तेव्हा मात्र त्याचं चघळणं थांबलं होतं. चाळीस वर्षांत हाओंच्या झेंड्याखालचा एक गठ्ठा गेलेला नाही. वस्तादांची ही शेवटची खेप. माल पोचला तर व्यापारी मंडळ झेंडा सुइलानच्या हाती द्यायला कबूल झालं आहे, बाईमाणूस असली तरी. मंडळाचे पुढारी तातुंगला येऊन स्वतः बघणार आहेत. "आणि नाही पोचला," फू म्हणाला, "तर झेंड्याचं पायपुसणं आणि आमच्या वीस घरांच्या चुली थंड."

मी जुन्या बाजारातून एक तलवार घेऊन ठेवली आहे. म्यानातून निघत नाही, पण निघेल.

नववा महिना, दुसरा दिवस

पाय सुजले. आवाज मात्र खणखणीत आहे.

आज एक लाकडी पेटी गाडीवरून निसटून वस्तादांच्या मागं चार हातांवर आदळली. खेचरं उधळली, फू पडला, मी झुडपात. वस्तादांनी मागं बघितलंसुद्धा नाही. याला म्हणतात चित्ताची स्थिरता. सुइलानची मात्र एक सवय विचित्र आहे. सतत वडिलांच्या डाव्या अंगाला चालते, आणि कोणी बोलायला लागलं की त्यांची बाही ओढते, कधी एकदा, कधी दोनदा. एवढी मोठी बाई, पण लहान पोरीसारखी बापाची बाही सोडत नाही. असो, माया करणं काही गुन्हा नाही.

संध्याकाळी धीर करून वस्तादांसमोर गेलो आणि वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं अगदी हळू आवाजात विचारलं, "मला तलवार शिकवाल का?"

ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लापशी चांगली शिजलीय."

या वाक्यावर मी झोप येईपर्यंत विचार केला. धान्य शिजायला वेळ लागतो, विद्येलाही लागतो. घाई करणाऱ्याचं वाडगं कच्चं राहतं. एका वाक्यात केवढं सांगून गेले. फूला सांगितलं तर तो खोकत खोकत उठून गेला. त्याला धुरानं ठसका लागला असावा.

नववा महिना, पाचवा दिवस

जोड्याचा तळ सुटला. मी सुई दोऱ्यात ओवायचा प्रयत्न करत होतो, तेव्हा सुइलाननं जोडा हातातून हिसकावून घेतला. "दोरा सुईत ओवतात, पंडित. सुई दोऱ्यात नाही." शिवून दिला. मग म्हणाली, "कपाळावरचं केसांचं रान वाढलंय, खाली बसा." वस्तरा तिनंच फिरवला. तांड्यात हे काम फूकडं आहे, आणि त्यानं वस्तरा काढलाही होता, पण ती त्याला म्हणाली, "तुझा हात थरथरतो." फूचा हात थरथरताना मी कधी पाहिलेला नाही.

मग मला नासपती खडीसाखरेत शिजवून दिली, घशासाठी. बाकी कुणाला दिली नाही. "तुमचा आवाज गेला तर आम्ही काय करायचं?" म्हणाली. पेढीच्या सामानाची किती काळजी घेते ही बाई. खेचरांचे खूरही ती रोज स्वतः तपासते.

नववा महिना, नववा दिवस

आज सण. उंचावर चढायचं, शेवंतीची दारू प्यायची. खिंडीच्या पायथ्याशी एक खानावळ आहे तिथं मुक्काम केला.

लिहायला लाज वाटते, पण वही खोटी ठेवायची नाही असं ठरवलं आहे. अंगणात पालखी उतरली आणि पालखीतून वेई उतरला. माझ्याच बाकावर बसायचा, माझंच बघून लिहायचा. तो पास झाला आणि मी नाही. अंगावर निळा रेशमी झगा. मी ओळखीचं हसलो, पुढं झालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नोकराला सांगितलं, "सणाचा दिवस आहे. या बिचाऱ्याला एक वडी दे."

वडी खजुराची होती. मी ती हातात घेऊन उभा राहिलो.

मग खानावळीच्या मागं गेलो. आचाऱ्याकडून गरम पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. बारा दिवसांची धूळ. घासघासून, कानामागंसुद्धा. परत येईपर्यंत वेईची पालखी निघून गेली होती. अंगणात फक्त एक अक्रोड विकणारा बसला होता. त्यानं माझ्या तोंडाकडं असं बघितलं की अक्रोडच विसरला, आणि मग टोपली उचलून एकही न विकता डोंगराच्या वाटेनं गेला.

वडी मी खाल्ली नाही. फूनं खाल्ली.

नववा महिना, दहावा दिवस

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

रात्री अंधार होता आणि सकाळी थंडीनं सगळ्यांनी कान-गाल झाकून फडकी बांधली होती, त्यामुळं माझ्या तोंडाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. खिंडीच्या तोंडाशी मी हाळी दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. नाही. फूच्या तोंडातलं चघळणं थांबलं. तिसरं वळण घेतलं तर वाटेत आडवं झाड, आणि वर दगडांवर तीसेक माणसं. मधोमध दोऊ पाचवा.

हा दोऊ म्हणजे खिंडीचा मालकच. दहा वर्षं हाओंच्या झेंड्याला सलाम करणारा. पुढचे दात गेलेले, मफलर नाकापर्यंत, आणि बोलतो इतकं हळू की शेजारच्यालाही कान द्यावा लागतो. मोठ्यानं बोलणं लुटारूच्या नायकाला शोभत नाही असं त्याचं मत आहे म्हणतात.

त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "फडकं काढ."

काढलं. अकरा काळीकुट्ट तोंडं माझ्याकडं वळली, आणि मधोमध माझं, वाडग्यासारखं लख्ख.

"राखणदारानं तोंड धुतलंय," दोऊ म्हणाला. "राखण संपली. माल बेवारस. नियम तुमचाच आहे, आमचा नाही. तरी जुनी ओळख, म्हणून चहा पिऊ. हाओदादा आणि हा तोंडधुण्या, दोघंच पुढं या. बाकी कुणी नाही."

सुइलान पुढं झाली तर चार भाले आडवे आले. तिचा चेहरा काजळीखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसला. मला वाटलं आता माझी कानउघाडणी होणार, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तिनं माझी बाही धरली. "पंडित, बाबांच्या उजव्या बाजूला बसा. आणि जे काही बोलाल ते मोठ्यानं बोला. कळलं? हाळी देता तसं."

घाबरलो की मी पुटपुटतो, ते हिच्या लक्षात आलेलं दिसतं. म्हटलं, एवढं तरी करूच.

तिघं तीन तिवयांवर बसलो. दोऊनं मफलरमध्ये काहीतरी म्हटलं. वस्ताद त्याच्याकडं शांतपणे बघत राहिले. मला आमच्या मास्तरांचं आठवलं: वादात आधी समोरच्याचं म्हणणं जसंच्या तसं मांडावं, मगच उत्तर द्यावं. सहा परीक्षांत मी तेवढंच नीट लिहून आलो होतो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "दोऊ नायक म्हणतात, गेल्या साली भेटलात तेव्हा एवढे म्हातारे दिसत नव्हता!"

समोरच्या कड्यावरून "नव्हता" परत आलं.

"गेल्या साली तुला दात होते," वस्ताद म्हणाले.

वरची माणसं हसली. दोऊनं मला विचारलं, "तू सगळं परत का बोलतोस?" मी वादाचा नियम सांगितला. "शिकलेला दिसतोय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दया होती.

असंच चाललं. तो पुटपुटायचा, मी मांडायचो. माझ्याच गुन्ह्याची हकिगत मी माझ्याच तोंडानं अशी मांडली की पलीकडच्या दरीतही कळली असेल. खानावळ कुठली, पाणी गरम होतं, अक्रोडवाल्यानं डोळ्यांनी पाहिलं, सगळं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दोऊ पुढं झुकला. ओठ हलवले न हलवले, आणि नजर वस्तादांवर रोखून म्हणाला, "खाली बाजारात बोलतात की हाओ म्हातारा ठार बहिरा झालाय."

इतका निलाजरा आरोप मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझं रक्त उसळलं. उत्तर देणाऱ्याला आधी आरोप नीट कळला पाहिजे, म्हणून मी तो दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा उठून उभा राहून. मागं गाड्यांजवळ सुइलानच्या हातातलं काहीतरी खाली पडलं.

वस्तादांनी चहाचा घोट घेतला. "झालो असतो तर बरं झालं असतं. गेल्या साली तुझं गाणं ऐकावं लागलं नसतं."

आता तर दोऊची माणसंसुद्धा पोट धरून हसायला लागली. पण दोऊ हसला नाही. मफलर खाली करून म्हणाला, "मग रिवाजाप्रमाणं होऊ दे. तीन काठ्या."

खिंडीतला जुना रिवाज आहे. दावा सुटत नसला तर आरोप असलेल्यानं चहानं भरलेला पेला तळहातावर घेऊन बसायचं. मागून तीन वार. मागं बघायचं नाही. चहा सांडला तर माल त्यांचा, नाही सांडला तर वाट मोकळी.

मी हेही मोठ्यानं मांडलं. वस्तादांनी मान डोलवली आणि मला म्हणाले, "पंडित, तू समोर बस. असा. उजेडाकडं तोंड कर."

दोऊचा एक दांडगा गडी लोखंडी टोपणाची काठी घेऊन त्यांच्या मागं उभा राहिला. वस्ताद मागं कसे बघणार? ते माझ्याकडंच बघत होते, माझ्या डोळ्यांत डोळे घालून, मी पळून जाऊ नये म्हणून असेल. काठी डावीकडून निघाली. मी डावीकडं बघितलं आणि ओठ चावला. वस्ताद वीतभर उजवीकडं झुकले. काठी त्यांच्या खांद्यावरून वाऱ्यासारखी गेली. चहा हलला नाही.

दुसरी वरून आली. माझ्या भुवया टाळूला जाऊन भिडल्या असाव्यात. वस्ताद तिवईवरच अर्धा हात सरकले, आणि काठीनं तिवईचा कोपरा उडवला. चहा हलला नाही. तीस माणसं श्वास धरून उभी होती. हवेच्या नुसत्या सळसळीवरून वार ओळखायचा ही विद्या मी फक्त गोष्टींत ऐकली होती.

तिसऱ्या वेळी दोऊनं काठी स्वतः घेतली. आणि आता खरं लिहितो: मी डोळे मिटले. मला बघवेना. चाळीस वर्षांचा झेंडा, वीस घरांच्या चुली, सुइलानचा पांढरा चेहरा, आणि सगळं माझ्या एका तांब्याभर गरम पाण्यापायी. पोटातून जे आलं ते थांबवता आलं नाही. "हो-ऊऽऽ!"

डोळे उघडले तर वस्ताद जमिनीवर एका गुडघ्यावर होते, तिवई लांब उडालेली, दोऊची काठी जिथं त्यांची मान होती तिथून पार निघून गेलेली, आणि दोऊ स्वतःच्याच जोरानं तोल जाऊन त्यांच्या पायाशी आडवा. पेला तळहातावर. वस्तादांनी तो दोऊच्या ओठांना लावला. "घे. गार झाला असेल."

दोऊ पडल्या पडल्याच चहा प्याला. मग उठून वस्तादांसमोर दोन्ही हात जुळवून वाकला. "बाजारातल्या लोकांच्या तोंडात माती," तो म्हणाला. झाड बाजूला झालं. जाताना मला म्हणाला, "तोंडधुण्या, तुझा गळा बरा आहे. डोक्याचं बघ जरा." आणि एक टोपली अक्रोड दिले.

माझं ओरडणं थोडक्यात घात करणार होतं. वस्तादांचं लक्ष विचलित झालं असतं तर? ते काही बोलले नाहीत हा त्यांचा मोठेपणा.

नववा महिना, अकरावा दिवस

मला वाटलं होतं हाकलून देतील. सकाळी सुइलान चुलीतली राख घेऊन आली आणि माझ्या तोंडाला तिनं स्वतः फासली, कपाळ, गाल, हनुवटी, फार सावकाश. "आता परत धुतलंत तर बुडवूनच काढीन," म्हणाली. तिची बोटं थरथरत होती. इकडं थंडी फारच आहे.

मी माफी मागितली. वेई, ती वडी, सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "त्या वेईला यानमनच्या खिंडीत दोऊसमोर बसवायला हवं होतं. झगा भिजला असता." किती दिवसांनी मी पोट भरून हसलो.

नववा महिना, पंधरावा दिवस

तातुंग. माल पोचला. सहा गाड्या, एक गठ्ठासुद्धा गेलेला नाही.

वेशीच्या आत घंगाळात गरम पाणी आलं. रिवाजाप्रमाणं आधी वस्तादांनी धुवायचं. त्यांनी मला बोलावलं. "आधी तू."

"नाही, नाही, मी कसा?" मी हळूच म्हणालो.

त्यांनी हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं, आणि माझ्याकडं अगदी यानमनला बघत होते तसं बघितलं. "नीट धू, पोरा. राखेखालचं मला वाचता येत नाही."

मी धुतलं. पण वाचता येत नाही म्हणजे काय? मग गोठ्याच्या पायरीवर बसून ही वही पहिल्यापासून वाचली. सहा आवाज आणि न वळलेली मान. पेटी. बाही, एकदा, दोनदा. लापशी चांगली शिजलीय. "उजेडाकडं तोंड कर." मी "वस्तादांची शांती" असं किती ठिकाणी लिहिलंय आणि प्रत्येक ठिकाणी ते बिचारे नुसते ऐकू न येऊन बसलेले आहेत.

मला रडू आलं. लाजेनं आलं, आणि त्या म्हाताऱ्या माणसासाठीही आलं. कानात कापूस भरल्यासारख्या जगात बसून, माझ्यासारख्या मूर्खाच्या तोंडावर विसंबून, त्यानं मान पुढं केली होती.

सुइलान खेचरांना पाणी पाजत होती. मी जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. "कळलं वाटतं."

"आत्ता."

"फार लवकर कळलं हो, पंडित," ती म्हणाली. "फू म्हणत होता, वसंत उजाडेल." मग बादली खाली ठेवून म्हणाली, "दोन वर्षं झाली. माझा आवाज तर आधीच गेला त्यांच्या कानातून. त्या दिवशी अंगणात तुमच्या हाळीला ते वळले ना, तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा..." तिनं बादली पुन्हा उचलली. 

ही वही आता कुणाच्या हाती पडता कामा नये.

नववा महिना, सोळावा दिवस

मंडळाचे पुढारी आले. गुबगुबीत गृहस्थ, गोड आवाज, तोंडासमोर बाही धरून बोलायची सवय. मी न सांगता वस्तादांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. "पुढारी म्हणतात, खेप उत्तम झाली! पुढारी विचारतात, झेंडा मुलीला देताना मनात काही किंतु आहे का!"

"हे सगळं परत का बोलतात?" पुढाऱ्यांनी कान चोळत विचारलं.

"पंडित आहेत," सुइलान म्हणाली. "शिकलेल्या माणसांना सवय असते."

वस्ताद म्हणाले, "किंतु एकच. हिच्या हातात दहा वर्षांपूर्वी दिला असता तर मला एवढं चालावं लागलं नसतं." पुढारी हसले, कागदावर शिक्का पडला. सुइलाननं झेंडा दोन्ही हातांत घेतला आणि बापाच्या पाया पडली. फू भिंतीकडं तोंड करून बराच वेळ काहीतरी चघळत होता.

दुपारी दादाचं पत्र आलं. वसंतात पुन्हा परीक्षा आहे, सातव्यांदा बसशील का? सुइलानला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "बसायचंय?"

"तसं ठरलेलं नाही."

"घरी बाबा एकटेच जेवतात," ती दुसरीकडं बघत म्हणाली. "समोर कुणीतरी बसायला हवं. ज्याचं तोंड वाचता येतं असं. एखाद्या खेपेपुरतं नाही, नेहमीचं. घरातलं माणूस म्हणून."

मी म्हटलं, नोकरी चांगली आहे, पण जेवणाची वेळ आणि राहायची खोली यांबद्दल आधी स्पष्ट बोलणं झालेलं बरं.

 ती झेंडा खांद्यावर टाकून निघून गेली. फू शेजारीच होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "पंडित, सहा वेळा का नापास झालात ते आज कळलं."

नववा महिना, सतरावा दिवस

सकाळ. पुन्हा वही वाचली. फूचा न थरथरणारा हात. नासपती. राख.

कळलं.

विहिरीवर गेलो, गार पाण्यानं तोंड धुतलं, कानामागंसुद्धा, आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तांड्यातली सगळी माणसं गाड्या जुंपत होती, वस्ताद चहा पीत होते. तीन डोंगरांपलीकडं पोचणारा माझा आवाज, पण एक शब्द फुटेल तर शपथ. नुसता उजेडाकडं तोंड करून उभा.

बापाला वाचता येतं ते लेकीलाही येत असावं. तिनं सावकाश, वरून खालपर्यंत वाचलं.

"बरं," ती म्हणाली, आणि माझी बाही एकदा ओढली. "मग द्या हाळी. बाबांना कळू दे, आपण निघालो."

हाळी दिली. वस्तादांनी पेला खाली ठेवला आणि वळून बघितलं.